दोन हिसके

दोरवाल्याच्या घरात काथ्या कुठला आणि माणसाचा केस कुठला हे कळू नये, ही लाजेचीच गोष्ट. पण तसं झालं खरं, आणि एक-दोन दिवस नाही, चांगला दीड महिना. तेही अशा माणसाच्या घरात, जो डोळे मिटून चिमूटभर काथ्या बोटांत चोळायचा आणि तो किती दिवस पाण्यात भिजलाय ते सांगायचा. गाव त्याला पिळ्या म्हणायचं. दोराला पीळ भरतो म्हणून, असं तोंडावर सांगायचं. पाठीमागचं कारण त्याच्या बायकोला विचारावं.

त्या सकाळी तो पडवीच्या तोंडाशी पोत्यावर बसून केर निवडत होता. पडवी म्हणजे साठ पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी पत्र्याखालची जागा. एका टोकाला लाकडी चाक, दुसऱ्या टोकाला दगड लादलेला गाडा आणि मधे नुसती वाट. ह्या वाटेवर उलटं चालत दोर वळायचा. केरात पडलेला काथ्याही वाया जायचा नाही, तो निवडून पायपुसण्यांत भरायला जायचा. एरवी हे काम घरातल्या एखाद्या थकल्या माणसाचं. पण दोरवाल्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली होती. जखम भरली होती, वरची कातडी मात्र अजून गुलाबी आणि हळवी होती. म्हणून सध्या हे काम त्याच्याकडे आलं होतं आणि त्याला ते अजिबात आवडत नव्हतं.

टोपलीतला एक तांबूस गुंता त्यानं उजव्या हाताच्या बोटांत चोळला आणि तो थांबला. काथ्या बोटाला धरतो. हे निसटत होतं. त्यानं एक तंतू सुटा करून उजेडात धरला. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका होता. दुसरा धरला, त्यालाही होता. कापलेल्याचं टोक कसं असतं, तुटलेल्याचं कसं असतं आणि उपटलेल्याचं कसं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं टोपली पालथी केली. असे गुंते त्यात पाच-सहा निघाले.

"अगं, जरा इकडे ये," त्यानं बायकोला हाक मारली.

"आले असते, पण तुमची बहीण तिकडे चाक धरून बसलीय आणि माझ्या कमरेला हा एवढा काथ्या बांधलाय."

"ये म्हणतो ना."

ती कमरेच्या काथ्यासकट आली. त्यानं गुंता पुढे केला.

"काय बघू? काथ्या आहे."

"नीट बघ."

तिनं हात पुसले आणि गुंता बोटावर गुंडाळून बघितला. नऊ वर्षं तिनं हे केस विंचरले होते. उन्हात हिंडून हिंडून तांबूस झालेले. ती तिथंच पोत्यावर बसली.

"झडले असतील," ती म्हणाली. "वन्सं म्हणतात ना, धुळीनं झडतात."

"झडलेला केस एकेक पडतो. हा झुपका आहे. ओढून काढलाय."

"कुणी?"

दोघांनी एकदमच चाकापलीकडे बघितलं. तिथं भिंतीला टेकून त्यांची मुलगी अभ्यास करत होती. डोक्याला रुमाल बांधलेला. एका हातात पेन्सिल, आणि दुसरा हात रुमालाच्या आत.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. सहाव्या वर्षापासून ती चाक फिरवायची, आणि असं फिरवायची की वळणाऱ्याची उलट्या पावलांनी पळापळ व्हावी. गेल्या महिन्यात तिचे केस विरळ दिसायला लागले तेव्हा आत्यानं, म्हणजे दोरवाल्याच्या थोरल्या बहिणीनं, निदान करून टाकलं होतं: काथ्याची धूळ. औषधही तिचंच. दोराला चोळायचं तेल रोज डोक्याला चोळायचं. त्या तेलानं चाकाचा कणा कुरकुरायचा थांबत असे, डोक्याचं मात्र काही भलं झालं नाही.

दुपारी आईनं रुमाल सोडला. कानामागे पेल्याच्या बुडाएवढी जागा साफ उघडी होती. टाळूवर दुसरी, तिच्याहून लहान. कडेनं बारीक खुंट उगवत होते, म्हणजे उगवत होते आणि पुन्हा निघत होते.

"दुखतं का गं?"

"नाही."

"का काढतेस बाळा?"

"मी नाही काढत," भिंगरी म्हणाली, आणि इतकं खरं बोलल्यासारखं म्हणाली की आईनं रुमाल पुन्हा बांधला.

आत्या म्हणाली, "केस अगदी बारीक करून टाका. धरायलाच काही राहायला नको."

"आणि मग भुवया धरल्या तर?" आई म्हणाली.

आत्यानं तो विचार सोडला आणि म्हणाली, "डॉक्टरबाईंकडे न्या. हिला गोवर निघाला होता तेव्हा त्यांनीच उभी केली होती."

दोरवाल्यानं कुरकुर केली. महिनाअखेर होड्या पाण्यात उतरणार, होडीमालकाचे चाळीस दोर द्यायचे, झालेले बावीस. त्यात यंदा वारा असा कोरडा सुटला होता की ओला केलेला काथ्या घटकेत करकरीत व्हायचा आणि हातातच तुटायचा. पहाटे हवेत जो काही ओलावा असेल तेवढ्यावर काम. आणि केसांसाठी डॉक्टर? लोक म्हणतील, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"झालाच आहे," बायको म्हणाली. "लोकांनी म्हटलं तरी झालाय आणि नाही म्हटलं तरी. एक दिवस दोर वळला नाही तर होड्या बुडत नाहीत. उद्या जायचं."

दोरवाल्याला जायचं नव्हतं, ह्याचं खरं कारण वेगळं होतं.

बोटं गेली त्या दिवशी चाकावर भिंगरी होती. तीन पेड एकत्र वळताना चाकवाली एका टोकाला आणि वळणारा दुसऱ्या टोकाला. साठ पावलांवरून एकमेकांचे पेडांआडचे हात दिसत नाहीत, आणि चाकाच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही. म्हणून ह्या घरात तीन पिढ्यांचा एक नेम होता: दोराला एक हिसका म्हणजे फिरव, दोन हिसके म्हणजे थांब. पेडांत हात घालायचा तर आधी दोन हिसके. मुलीला चाकावर बसवलं तेव्हा पहिली गोष्ट त्यानं हीच शिकवली होती. त्या दिवशी पेडात काथ्याचा बोंगा अडकला. काम घाईचं होतं. थांबवायचं, मग पुन्हा ताण धरायचा, म्हणजे तेवढा वेळ जाणार. त्यानं नुसता बोंगा काढायला दोन बोटं आत घातली. हिसके दिले नाहीत. एकही नाही. पेड मिटले, आणि पुढचं सगळं गावाला माहीत होतं.

हिसक्यांचं मात्र गावाला माहीत नव्हतं, ते त्याला एकट्याला माहीत होतं. लोक बघायला आले. होडीमालक आला. हातावरची पट्टी बघून म्हणाला, "पोर आहे, लक्ष नसेल. फिरवलं असेल चाक." भिंगरी दारात उभी होती. आणि दोरवाला, जो गावातल्या चार तरुणांना शिकवताना "हिसक्याशिवाय हात घालशील तर बोटं ठेवून घरी जाशील" असं म्हणायचा, तो उशीवरून म्हणाला, "जाऊ दे. लहान आहे ती."

केवढं मन मोठं, असं लोक म्हणाले. त्यानंतर मुलीला चाकावर बसवणं बंद केलं. तिला भीती वाटायला नको म्हणून. घरात त्या दिवसाचा विषयही कुणी काढत नसे, तोही तिला वाईट वाटायला नको म्हणून.

बाजारगावच्या दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. भिंतीवर रंगवलेला हत्ती होता, त्याच्या सोंडेशी उंची मोजायची पट्टी. एक बाळ वजनकाट्यावर ठेवलं की काटा थरथरेल इतकं रडायचं आणि उचललं की हसायचं. मधल्या टेबलाशी नावं लिहून घेणारा माणूस होता. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हिला काय होतंय?"

बाकावरच्या आयांनी माना वळवल्या. भिंगरीनं रुमालाची गाठ दोन्ही हातांनी धरली.

"पोटात दुखतं," आई म्हणाली.

दोरवाल्यानं बायकोकडे बघितलं. तिनं बघितलं नाही. माणसानं 'पोट' लिहून घेतलं. त्यांचा नंबर येईपर्यंत आईनं तीन वेळा पदर सारखा केला आणि दोरवाल्यानं डावा हात खिशात घातला, काढला, पुन्हा घातला.

डॉक्टरबाई आता पिकल्या होत्या, चष्मा जाड झाला होता. त्यांनी कागद वाचला, भिंगरीला झोपवलं, पोट दाबून बघितलं.

"इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"मग दुखतं कुठे?"

भिंगरीनं आईकडे बघितलं. आईनं चौथ्यांदा पदर सारखा केला. "पोटाचं मी खोटं सांगितलं डॉक्टरबाई. बाहेर सगळे ऐकत होते."

"बरं केलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याला कितीदा सांगितलं हळू विचार म्हणून. तो ऐकत नाही." मग त्यांनी स्टूल ओढलं आणि भिंगरीच्या समोर बसल्या, तिच्याहून जरा खाली. "रुमाल मी सोडू, का तू सोडतेस? का आज नकोच?"

असं कुणी तिला विचारलं नव्हतं. तिनं जरा विचार केला आणि स्वतः सोडला.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं, हात लावायच्या आधी विचारून हात लावला. दोरवाल्यानं खिशातून पुडी काढली. तिच्यात केस होते. "मुळासकट आहेत," तो म्हणाला. "मला ओळखू येतं."

"येणारच. तुमचा धंदा आहे." त्यांनी पुडी बाजूला ठेवली आणि बोलल्या मुलीशीच. "माझ्याकडे अशी मुलं येतात बरं का. एक आला होता, पापण्या काढायचा. सगळ्यांना वाटायचं मुद्दाम करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, मी नाही करत, हात करतो."

भिंगरीनं मान वर केली. "माझा पण हात जातो. मला नंतर कळतं."

"दुखतं?"

"काढताना बरं वाटतं. मग वाईट वाटतं. मग आई केर काढते त्यात टाकते."

आईनं तोंडाला पदर लावला.

"कधी जातो हात? शाळेत?"

"शाळेत कमी. चाक सुरू झालं की जातो."

"कसलं चाक?"

आईनं सांगितलं. दोर, पडवी, बोटं. डॉक्टरबाईंनी दोरवाल्याचा हात मागितला, बोटं उलटसुलट करून बघितली, चांगली भरलीत म्हणाल्या, आणि परत मुलीकडे वळल्या. "त्या दिवशी चाकावर तू होतीस?"

भिंगरीनं मान हलवली.

"काय झालं, तुला आठवतं तसं सांगशील?"

ती एवढ्या हळू बोलायला लागली की तिघंही पुढे झुकले.

"पत्र्यावर चिमणी आली होती. मी तिच्याकडे बघत होते. तेव्हाच बाबांनी दोन हिसके दिले असणार. मला कळलेच नाहीत. मी रोज आठवते. चाक सुरू झालं की आठवते, हिसके कसे लागले असतील हाताला. एकदा वाटतं लागले होते. एकदा वाटतं नव्हते लागले. आठवत बसलं की हात वर जातो."

दोन महिने दोरवाल्याला वाटत होतं की आपण एक गोष्ट फक्त सांगितली नाही, एवढंच. न सांगितलेल्या गोष्टीनं कुणाचं काय बिघडतं. ती गोष्ट पोरीच्या डोक्यातून मूठमूठ बाहेर पडत होती आणि तो ती केरातून निवडत बसला होता.

"तुला असं कधी वाटतं का," डॉक्टरबाईंनी विचारलं, जसं पोट दाबताना विचारलं होतं तसंच, "की आपण नसतो तर बरं झालं असतं? किंवा स्वतःला काही करून घ्यावं?"

"नाही," भिंगरी म्हणाली. मग थोडं थांबून, "पण बाबांच्या ऐवजी माझी बोटं गेली असती तर बरं झालं असतं."

"हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू हे सांगितलंस ते फार चांगलं केलंस. असं मनात घेऊन फिरायचं म्हणजे जड काम आहे, आणि तू ते एकटीनं केलंस. आता बाहेर जाऊन त्या हत्तीजवळ उंची मोजून ये. आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसाला सांग, डॉक्टरबाईंनी हळू बोलायला सांगितलंय."

ती बाहेर गेली. डॉक्टरबाई दोघांशी बोलल्या. ही खोड नाही, हट्ट नाही. वेड तर नाहीच. रागवायचं नाही, हात झटकायचा नाही, डोक्याला दोराचं तेल लावायचं नाही. हाताला दुसरं काही द्यायचं, ओला काथ्या चालेल, दोरीचा तुकडा चालेल. दर बुधवारी सरकारी दवाखान्यात मुलांशी बोलणाऱ्या एक बाई येतात, त्यांना ह्यातलं जास्त कळतं, त्यांच्याकडे न्यायचं. आणि कधी मरण्याचं, नसण्याचं बोलली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.

"किती दिवसांत बरी होईल?" आईनं विचारलं.

"तुमचा काथ्या किती दिवस भिजवता?"

"सहा महिने. कधी जास्त."

"मग मला घाई करू नका." त्या कागदावर लिहायला लागल्या, लिहिता लिहिता म्हणाल्या, "त्या दिवशी नक्की काय झालं हे तिच्याशी कुणी बोललंय का?"

"आम्ही विषयच काढत नाही," आई म्हणाली. "आणि हे तर तिला एका शब्दानं बोलले नाहीत. लहान आहे म्हणून सोडून दिलं त्यांनी."

दोरवाला फरशीकडे बघत होता. फरशीवर कुठल्या तरी बाळाचा एक मोजा पडला होता. तो तरुणांना शिकवायचा ते वाक्य त्याला आठवलं, आणि उशीवरून बोललेलं दुसरं वाक्य.

"हिसके दिलेच नव्हते मी," तो म्हणाला.

बायकोची मान हळूहळू वळली.

"एकही नाही. घाईत हात घातला. तिला कळायला काही नव्हतंच."

बायको नुसती बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तिनं त्याच्याशी भांडणं केली होती, अबोले धरले होते, पण असं कधी बघितलं नव्हतं. तिनं ओरडून घेतलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला हे सांगायला जड गेलं, ते दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "पण मला सांगून काय उपयोग?"

परतीच्या गाडीत भिंगरी मधे बसली. आईनं तिच्या हातात दोरीचा तुकडा दिला होता, ती त्याचे पेड उलगडत होती आणि पुन्हा वळत होती. दोरवाल्यानं दोनदा तोंड उघडलं. एकदा समोरच्या बाईनं कोंबडी घेऊन जागा बदलली आणि एकदा गाडी खड्ड्यातून गेली. दोन्ही वेळा त्याला ती सबब पुरली. उतरताना बायको खालच्या आवाजात म्हणाली, "मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल." बस, तेवढंच. घरी आल्यावर तिनं त्याचं ताट वाढलं आणि बाजूला ठेवून ती उठून गेली.

सकाळी हवा जरा ओलसर होती. बायकोनं काथ्या कमरेला बांधला, आत्या चाकाशी गेली. दोरवाल्यानं आत्याला चाकावरून उठवलं.

"भिंगरे, इकडे ये. चाकावर बस."

मुलगी दारातच थिजली. "नको."

"फिरवू नकोस. नुसती बस."

ती आली आणि मांडीखाली हात घालून बसली. दोरवाला तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला.

"त्या दिवशी तू हिसके चुकवले नाहीस," तो म्हणाला. "मी दिलेच नव्हते. बोंगा अडकला होता. मला वाटलं पटकन काढतो. हिसके न देता हात घातला. चूक माझी होती. तुझी नव्हती, चिमणीची नव्हती. माझी."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. "एक पण नाही दिला?"

"एक पण नाही."

"हळू दिला असेल. मला कळला नसेल."

"हळू नाही, जोरात नाही. दिलाच नाही."

तो तिला जवळ घ्यायला पुढे झाला, तशी तिनं दोन्ही हात मांडीखालून काढून त्याच्या छातीवर मारले. "मग सांगितलं का नाही? मी रोज आठवत होते! तुम्ही म्हणालात जाऊ दे लहान आहे! मला वाटलं..." पुढचं रडण्यात गेलं. ती मारत होती आणि तो मारू देत होता. आत्या मधे पडायला निघाली, तिला बायकोनं दंडाला धरून थांबवलं.

"मला लाज वाटली," तो म्हणाला. "सगळ्यांना शिकवतो आणि स्वतः असं केलं म्हणून. मी तुझ्यामागे लपलो."

तो एवढा मोठा माणूस, नऊ वर्षांच्या मुलीपुढे उकिडवा बसून रडायला लागला. बायकोनं कमरेचा काथ्या सोडला, येऊन दोघांच्या शेजारी बसली, आणि कालपासून पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नेहमीच्या नजरेनं बघितलं. म्हणजे रागानंच, पण घरातल्या रागानं.

रडून झाल्यावर भिंगरीनं नाक पुसलं. "होडीमालकांना सांगितलं?"

"नाही अजून."

"त्यांना सांगा. ते सगळ्यांसमोर म्हणाले होते."

होडीमालक शनिवारी झालेले दोर न्यायला आला, बरोबर चार माणसं. दोर ओढून बघितले, नाकं मुरडली, घेतले. चाकाजवळ भिंगरीला बघून तो हसला. "काय गं, परत चाकावर? बापाची उरलेली बोटं जपून हं."

माणसं हसली. भिंगरीनं बापाकडे बघितलं.

"तिच्यामुळे गेली नाहीत," दोरवाला म्हणाला. "मी दोन हिसके न देता हात घातला होता. त्या दिवशी तुम्हाला मी खरं सांगितलं नाही. तिची काही चूक नव्हती."

होडीमालकानं हातातला दोर खाली ठेवला. त्याच्या माणसांतला एक जण दोरवाल्याकडे शिकून गेलेला होता. तो खाली बघून हळूच म्हणाला, "हिसक्याशिवाय?"

"हिसक्याशिवाय," दोरवाला म्हणाला. "आता गावभर सांग."

त्यानं सांगितलंच. चार दिवस गाव हसलं. ह्या वेळी मन मोठं वगैरे कुणी म्हटलं नाही. आत्या विहिरीवरून येऊन कोण काय बोललं ते जेवताना सांगायची, आणि दोरवाला गप्प जेवायचा.

केस लगेच आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात शाळेत परीक्षा होती, तेव्हा कानामागची जागा पुन्हा उघडी पडली, आणि आईला वाटलं सगळं पाण्यात गेलं. बुधवारच्या बाई म्हणाल्या, असं होतं, मागे-पुढे होत जातं. भिंगरी त्यांच्याकडे जाताना दोरीचा तुकडा घेऊन जायची. चौथ्या बुधवारी ती त्या बाईंना तीन पेड कसे वळतात ते शिकवून आली. टाळूवरच्या जागेत बोटाला टोचतील एवढे खुंट आले होते. ती ते आत्याला हात लावून बघायला द्यायची, आईलाही द्यायची. बापाला तिनं आधी दिलं नाही. मग एक दिवस दिलं. त्यानं उजव्या हाताची बोटं फिरवून बघितली. काथ्यासारखे धरत होते.

महिनाअखेरीला दोनच दोर उरले होते. दोरवाल्याची बोटं आता काम सोसण्याइतकी झाली होती. त्यानं पहाटे तिन्ही पेड चाकाच्या आकड्यांना लावले, साठ पावलं चालत जाऊन गाड्याशी उभा राहिला आणि दोराला एक हिसका दिला. फिरव.

चाक फिरलं नाही.

त्यानं पुन्हा हिसका दिला. चाकाच्या टोकाला भिंगरी उभी राहिली. तोंडाशी हात धरून तिनं काहीतरी ओरडून सांगितलं. चाक बंद होतं, म्हणून त्याला ऐकू आलं.

"हात वर करा."

"काय?"

"दोन्ही हात वर. मला दिसले की मगच फिरवणार. आजपासून असंच."

तीन पिढ्यांत असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पडवीच्या कडेला काथ्या भिजवत बसलेली बायको पदराआड हसली. आत्या म्हणाली, "कर बाबा, बघतोस काय." पिळ्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटं पसरली. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात आठ पूर्ण दिसत होती आणि दोन अर्धी.

भिंगरीनं लांबून ती एकेक करून मोजली. मग खाली बसली, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि चाक फिरवलं.